घरमालक सरकार असेल तेव्हा

27 सप्टेंबर 2013 च्या पहाटे माझगावला डॉकयार्ड रोडजवळची बाबू गेनू मंडईची इमारत कोसळली आणि 61 माणसं गेली. ही काही शंभर वर्षांची पागडीची चाळ नव्हती, की मालकाच्या वारसांच्या भांडणात अडकलेला वाडा नव्हता. वय जेमतेम तीस-पस्तीस वर्षं. मालक खुद्द मुंबई महापालिका आणि राहणारे तिचेच कर्मचारी व त्यांची कुटुंबं. तळमजल्यावरच्या गोदामात विनापरवाना झालेल्या फेरफारांवर नंतर ठपका आला, पालिकेच्या अधिकाऱ्यांना अटकही झाली. शहरातल्या इतरांच्या इमारती धोकादायक ठरवण्याचं काम जिच्याकडे, तिला स्वतःच्याच इमारतीचं दुखणं वेळेत दिसलं नव्हतं.

मुंबईत सरकार घरमालक असणं ही नवी गोष्ट नाही. 1896 च्या प्लेगनंतर 1898 साली बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आला आणि त्याने बीआयटी चाळी बांधल्या. परळच्या अशाच एका चाळीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर अनेक वर्षं राहिले. पुढे ट्रस्ट महापालिकेत विलीन झाला आणि चाळी पालिकेच्या पदरात आल्या. 1920 च्या दशकात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने बीडीडी चाळी उभ्या केल्या : वरळीत 121, नायगावात 42, ना. म. जोशी मार्गावर 32, शिवाय काही शिवडीत. 1977 साली म्हाडा ही सरकारी गृहनिर्माण संस्था आली. दक्षिण आणि मध्य मुंबईतल्या उपकरप्राप्त इमारतींची दुरुस्ती तिच्या एका मंडळाकडे आहे आणि पडलेल्या-पाडलेल्या घरांतली हजारो कुटुंबं तिच्या संक्रमण शिबिरांत राहतात. धर्मादाय ट्रस्टांच्या चाळी आणि ‘बाग’ म्हणवल्या जाणाऱ्या वसाहती वेगळ्याच.

या सगळ्या ठिकाणी एक वाक्य हमखास ऐकू येतं. गळतीची तक्रार घेऊन गेलेल्या माणसाला खिडकीपलीकडून विचारलं जातं, ‘अहो, भाडं किती भरता तुम्ही?’ प्रश्नात उत्तर दडलेलं असतं : एवढ्या भाड्यात आणखी काय हवं? हा युक्तिवाद मुळातच लंगडा आहे. भाडं कमी ठेवणं हा शासनाचा धोरणात्मक निर्णय होता. कारखान्यात, गोदीत, रेल्वेत आणि पालिकेत राबणारा माणूस कामाजवळ राहावा म्हणून तो घेतला गेला. कुणा बाबूने खिशातून सवलत दिलेली नाही. तेव्हा भाडेकरूने ओशाळवाणं होण्याचं कारण नाही. चांगल्या सार्वजनिक घरमालकाकडून त्याच्या अपेक्षाही साध्या असतात : घर अंगावर पडू नये, तक्रारीला लेखी उत्तर यावं, घरावर आपलं नाव नीट लागावं आणि उद्या घर सोडायला सांगितलं तर परत कुठे, कधी, किती मोठ्या घरात यायचं ते कागदावर असावं.

या अपेक्षा मांडण्याआधी आपला घरमालक नेमका कोण, हे प्रत्येकाने तपासून घ्यायला हवं. कारण कायदा इथेच फाटे फोडतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 हा खासगी मालकाला आणि सामान्यतः ट्रस्टलाही बांधतो. घर दुरुस्त ठेवणं मालकाचं कर्तव्य आहे, असं त्याचं कलम 14 सांगतं. नोटीस मिळाल्यापासून 15 दिवसांत मालकाने दुरुस्ती केली नाही तर भाडेकरू स्वतः करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो, मात्र वर्षाला एकूण भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंतच. मुंबईतल्या जुन्या भाड्याच्या चौथ्या हिश्शात सिमेंटच्या किती गोण्या येतील ते विचारू नये; पण नोटिशीची नोंद तरी राहते. पाणी-वीज तोडायला कलम 29 ने बंदी आहे.

गंमत अशी, की याच कायद्याच्या कलम 3 ने शासनाच्या आणि स्थानिक प्राधिकरणाच्या मालकीच्या जागा वगळल्या आहेत. म्हणजे खासगी मालकाला जे बंधन, ते सरकारी मालकाला नाही. पालिकेच्या जागेतून काढायचं असेल तर महापालिका अधिनियमाच्या कलम 105-ब खाली चौकशी अधिकाऱ्यापुढे प्रकरण चालतं. तिथली नोटीस आली की ती कपाटात ठेवून चालत नाही, दिलेल्या मुदतीत लेखी म्हणणं मांडावंच लागतं. आणि सेवानिवासस्थानात राहणारा कर्मचारी तर भाडेकरूही नसतो. नोकरी संपली की त्याचा हक्क संपतो. वर्षानुवर्षं राहिलो म्हणून घर आपलं झालं, अशा समजुतीत अनेक कुटुंबं निवृत्तीच्या दिवसापर्यंत गाफील राहतात.

तेव्हा पहिलं काम कागदांचं. भाडेपावती, करारपत्र किंवा वाटपपत्र, वीजबिल, शिधापत्रिका, मतदारयादीतला उतारा. यांत पावतीला तोड नाही. पावतीवरचं नाव, खोली क्रमांक आणि जागेचा प्रकार दर वर्षी एकदा तरी डोळ्यांखालून घालावा. खोली क्रमांक चुकलेला असेल, मजला चुकलेला असेल तर लगेच दुरुस्त करून घ्यावा, कारण पुनर्विकासाच्या वेळी पात्रतायादी याच कागदांवरून बनते. भाडं घ्यायला नकार मिळाला तर गप्प बसू नये. धनादेश जोडून अर्ज आवक-जावक विभागात द्यावा आणि पोच घ्यावी. थकबाकी हा घराबाहेर काढण्याचा सगळ्यात सोपा बहाणा असतो.

आता दुरुस्ती. भाडेकरूच्या तक्रारींचं मोठं गाठोडं इथेच सुटतं आणि इथेच त्याला थोडं तांत्रिक शिकायला हवं. आरसीसीच्या इमारतीत छताचा गिलावा आधी फुगतो. त्यावर टकटक केलं तर पोकळ आवाज येतो. मग बारीक भेग पडते, ती बहुतेक वेळा आतल्या सळईच्या रेषेतच असते, आणि तिच्यातून तांबूस ओघळ उतरतो. आत काय चाललंय हे तो ओघळ सांगतो : पाणी सळईपर्यंत पोचलंय, लोखंड गंजतंय, आणि गंजलेलं लोखंड मूळच्या दुपटीहून जास्त जागा मागत असल्याने काँक्रीटला आतून ढकलतंय. या टप्प्यावर वरून प्लास्टर थापून पांढरा रंग मारणं म्हणजे जखम न धुता पट्टी बांधणं. तरीही पावसाळ्याच्या तोंडावर कंत्राटदाराची माणसं येतात ती नेमकी हेच करून जातात. भाडेकरूने तेव्हा विचारावं की सळया घासल्या का, गंजरोधक लावलं का, आणि वरच्या मजल्यावरच्या मोरीची गळती आधी बंद केली का. वरची मोरी गळत राहिली तर खालचं छत कितीदाही करा, दुसऱ्या पावसात पुन्हा तेच.

तक्रार मोघम नको. ‘आमच्या चाळीची अवस्था दयनीय आहे, तरी योग्य ती कार्यवाही व्हावी’ या वाक्यावर कुणालाही काही करावं लागत नाही. त्याऐवजी अर्ज असा हवा : ‘दुसरा मजला, खोली क्रमांक अमुक. मोरीलगतच्या स्लॅबमधून 3 जूनपासून पाणी झिरपत आहे. सुमारे दोन फूट लांब प्लास्टर पडलं असून तीन सळया उघड्या आहेत. खाली वृद्ध आई झोपते. 5 जूनला तोंडी कळवलं होतं. पाहणी कोणत्या तारखेला होणार ते लेखी कळवावं.’ सोबत तारखेसह फोटो. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक. एकेकट्याने देण्यापेक्षा वरच्या, खालच्या आणि शेजारच्या खोलीवाल्यांनी सह्या करून दिला तर ‘तुमच्याच घरातली गळती आहे’ हे उत्तर देता येत नाही.

हेच उत्तर सातासमुद्रापार, इंग्लंडमध्ये, फार महागात पडलं. तिथे सुमारे 40 लाख घरं नगरपालिका आणि गृहनिर्माण संस्था यांच्या मालकीची आहेत. डिसेंबर 2020 मध्ये रॉशडेल गावात अशाच एका संस्थेच्या घरात अवाब इशाक हा दोन वर्षांचा मुलगा दगावला. भिंतींवरच्या बुरशीमुळे त्याला श्वसनाचा आजार जडल्याचं 2022 साली मृत्यू-चौकशीत स्पष्ट झालं. आईबापांनी तक्रारी केल्या होत्या. संस्थेची धारणा अशी की ओल या कुटुंबाच्या राहणीमुळे येते. त्याच सुमारास तिथल्या गृहनिर्माण लोकपालाने ओलीच्या तक्रारींवर अहवाल काढला होता आणि त्याच्या शीर्षकातच म्हटलं होतं की हा राहणीचा दोष नव्हे.

त्याआधी 14 जून 2017 ला लंडनचा ग्रेनफेल टॉवर जळून 72 जण मेले होते; तिथल्या रहिवाशांनीही आगीच्या धोक्याबद्दल आधी आवाज उठवला होता. या दोन्ही घटनांच्या दडपणाखाली 2023 चा सामाजिक गृहनिर्माण नियमन कायदा झाला आणि अवाबच्या नावाने ओळखले जाणारे नियम 27 ऑक्टोबर 2025 पासून लागू झाले. ते नियम मुंबईकराने मुद्दाम वाचावेत असे आहेत. जिवावर बेतणारा धोका 24 तासांत दूर करायचा. ओल-बुरशीसारखा गंभीर धोका कळल्यापासून कामाच्या 10 दिवसांत पाहणी करायची, पाहणी संपल्यावर 3 दिवसांत निष्कर्ष भाडेकरूला लेखी द्यायचे, धोका आढळला तर 5 दिवसांत घर सुरक्षित करायचं. जमत नसेल तर दुसरीकडे राहायची सोय घरमालकाने करायची. तक्रारीलाही तारखा आहेत : 5 दिवसांत पोच, त्यानंतर 10 दिवसांत उत्तर, समाधान झालं नाही तर वरच्या पायरीवर 20 दिवस. हेही सगळे कामाचेच दिवस. शिवाय प्रत्येक घरमालकाला 22 निकषांवर आपली कामगिरी जाहीर करावी लागते आणि त्यांतले 12 थेट भाडेकरूंना विचारून ठरतात. दुरुस्ती वेळेत झाली का, घर सुरक्षित वाटतं का, तुमचं म्हणणं ऐकून घेतात का, असे प्रश्न.

कायदा झाला म्हणून तिथली ओल लगेच वाळली असं नाही. पण ‘लवकरच’ आणि ‘निधी उपलब्ध होताच’ या शब्दांच्या जागी दिवसांचे आकडे आले, आणि आकडा चुकला की बोट ठेवता येतं.

आपल्याकडे सार्वजनिक घरमालकावर स्वतंत्र नियामक नाही. म्हणून भाडेकरूला हाती असलेल्या हत्यारांनीच तारखा काढून घ्याव्या लागतात. माहिती अधिकाराचा अर्ज 10 रुपयांत होतो आणि 30 दिवसांत उत्तर द्यावं लागतं. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयावर आणि 150 शब्दांच्या आत हवा. तीन पानी कैफियत लिहिणाऱ्यांचे अर्ज इथेच परत येतात. ‘दुरुस्ती का केली नाही?’ असं विचारूच नये, कारण ‘का’चं उत्तर देणं माहिती अधिकाऱ्याला बंधनकारक नसतं. विचारावं ते कागद : आमच्या इमारतीच्या शेवटच्या संरचनात्मक तपासणीचा अहवाल, गेल्या तीन वर्षांतल्या दुरुस्तीची कार्यादेशपत्रं, मोजमाप पुस्तिकेची प्रत, आमच्या अमुक आवक क्रमांकाच्या अर्जावरची टिप्पणी. कायद्याने फाइल प्रत्यक्ष पाहण्याचाही हक्क दिला आहे. कागदावर झालेली आणि भिंतीवर न दिसणारी दुरुस्ती सापडण्याची सगळ्यात चांगली जागा म्हणजे मोजमाप पुस्तिका.

दुसरं हत्यार 2015 च्या लोकसेवा हक्क कायद्याचं. अधिसूचित सेवा, त्यांची मुदत आणि जबाबदार अधिकारी यांची यादी कार्यालयात लावणं बंधनकारक आहे. हस्तांतरण किंवा दाखल्याचं आपलं काम त्या यादीत असेल तर मुदत चुकवणाऱ्या अधिकाऱ्याला 500 ते 5,000 रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. म्हाडाच्या लोकशाही दिनातही आधी अर्ज देऊन थेट वरिष्ठांपुढे बसता येतं. तिथे भावनेपेक्षा आवक क्रमांकांची यादी जास्त बोलते.

एक बोच भाडेकरूंच्या बाजूलाही लागते, ती टाळून चालणार नाही. बीडीडीच्या 160 चौरस फुटांच्या खोलीत दोन-तीन पिढ्या राहिल्या. पोटमाळे चढले, खोलीत मोऱ्या आल्या, पाण्याची पिंपं आली. जागेची टंचाई समजण्यासारखी आहे, तरी तळमजल्यावर कुणी भिंत फोडत असेल किंवा खांब तासत असेल तर ‘आपल्याला काय करायचंय’ म्हणून गप्प राहणं जिवावर बेततं. अशा वेळी चाळ कमिटीने त्याच दिवशी घरमालक खात्याला आणि वॉर्ड ऑफिसच्या इमारत व कारखाने विभागाला लेखी कळवावं.

इमारत धोकादायक ठरली तर कोणत्या वर्गात, हे आधी विचारावं. पालिकेच्या भाषेत सी-1 म्हणजे तातडीने रिकामी करून पाडायची, सी-2ए म्हणजे अंशतः रिकामी करून मोठी दुरुस्ती, सी-2बी म्हणजे न हलवता मोठी दुरुस्ती, सी-3 म्हणजे किरकोळ काम. मालकाचा आणि रहिवाशांचा अहवाल परस्परविरोधी असेल तर प्रकरण तांत्रिक सल्लागार समितीकडे नेता येतं. आणि खरोखरच सी-1 असेल तर हट्टाने राहू नये. इमारत पाडली म्हणून भाडेकरूचा हक्क बुडत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2014 साली स्पष्ट केलं आहे. मात्र बाहेर पडण्यापूर्वी प्रत्येक खोलीचं क्षेत्रफळ मोजून, ताबेदाराच्या नावासह केलेली यादी अधिकाऱ्याच्या सहीने हातात असावी. ही यादी नसलेली कुटुंबं पुढे पिढ्यान्‌पिढ्या पुरावे गोळा करत फिरतात. संक्रमण शिबिरांत मूळ रहिवासी, कुलमुखत्यारपत्रावर घर घेतलेले आणि घुसखोर अशा अ, ब, क वर्गवारीची पाळी आली ती यातूनच.

वारस नोंदीबद्दल थोडक्यात. पावती ज्याच्या नावावर तो गेला, की मृत्यू दाखला, एकत्र राहत असल्याचे पुरावे आणि इतर वारसांचं ना-हरकतपत्र जोडून वर्षाच्या आत अर्ज टाकावा. भाऊ-बहिणी गोडीत असतात तेव्हाच सह्या मिळतात. पुनर्विकासाची जाहिरात लागल्यावर त्याच सह्यांना भाव येतो. पत्नीचं नाव हयातीतच लावता येत असेल तर ते टाळू नये.

घर सोडताना काय मागावं याचा धडा बीडीडीच्या रहिवाशांनीच घालून दिला. 2017 साली भूमिपूजन झालं, पण नायगाव आणि ना. म. जोशी मार्गावरच्या अनेकांनी ‘आधी करार, मग चावी’ अशी भूमिका घेतली. तेव्हा त्यांना विकासविरोधी म्हणणारे कमी नव्हते. पण त्यांच्या रेट्यामुळेच म्हाडाने नोंदणीकृत करार केले, नव्या इमारतीतला घर क्रमांक जुनी खोली सोडण्यापूर्वी संगणकीय सोडतीने ठरवून दिला आणि संक्रमण गाळा नको असलेल्यांना दरमहा 25 हजार रुपये भाडं देऊ केलं. 14 ऑगस्ट 2025 ला वरळीत पहिल्या 556 कुटुंबांना 500 चौरस फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या. पुनर्विकासाच्या वाटेवर असलेल्या कोणत्याही चाळ कमिटीने या कराराचा मसुदा मिळवून आपल्या मसुद्याशेजारी ठेवावा आणि कलमागणिक ताडून पाहावा.

नव्या मनोऱ्यात गेल्यावर घरमालकाशी नातं संपत नाही. बीडीडीच्या पुनर्वसन इमारतींची देखभाल 12 वर्षं म्हाडाने करायची आहे. चाळीत जिना झाडायला माणूस लागायचा. चाळीस मजल्यांना लिफ्ट, पंप, जनरेटर, अग्निशमन यंत्रणा लागते आणि ही वर्षं संपली की बिल रहिवाशांच्या दारात येणार. म्हणून रहिवाशांनी पहिल्याच बैठकीत देखभालीच्या खर्चाचा खातेउतारा मागावा, लिफ्टच्या देखभाल कराराची प्रत मागावी, कंत्राटदाराची दोष दुरुस्तीची मुदत कोणत्या तारखेला संपते ते लिहून घ्यावं आणि त्या तारखेच्या सहा महिने आधी मजल्यामजल्यावरच्या गळत्यांची यादी लेखी द्यावी. महाराष्ट्राच्या अग्निप्रतिबंधक कायद्यानुसार अग्निशमन यंत्रणा चालू असल्याचं ‘फॉर्म बी’ प्रमाणपत्र दर जानेवारी आणि जुलैत परवानाधारक संस्थेकडून घ्यावं लागतं. त्याची प्रत तळमजल्यावरच्या फलकावर लावून घ्यावी.